वजनकाटा

रॉसकॉमनच्या बाजारात दर मंगळवारी
गुरं काट्यावर चढतात
आणि वरच्या फलकावर लाल आकडे उमटतात:
पाचशे बारा. सहाशे चाळीस. चारशे नव्वद.
कठड्याला रेललेली माणसं
आकडा उमटण्याआधीच सांगतात,
पाच किलोचीही चूक होत नाही.

माझं टेबल त्यांच्या वाटेवर,
चहाच्या खिडकीला लागून.
रक्तदाबाचं यंत्र, साखरेच्या पट्ट्या
आणि खाली एक छोटा काटा,
माणसांचा.
त्याच्यावर कोणी चढत नाही.
"माझं वजन? बायकोला विचार,"
म्हणतात, आणि चहा घेऊन सटकतात.

मीही गोठ्यातच वाढले.
गाईचा कान जरा गार लागला
तर रात्री दोनला डॉक्टरला उठवायचं,
स्वतःच्या छातीत कळ आली तर म्हणायचं,
काल गवताचे भारे उचलले ना.
सगळं अंगावर काढायचं.
अंग म्हणजे जणू दाराआडचा जुना कोट,
फाटेस्तोवर वापरायचा.

मॅलाकी टिअरनन आज तिसऱ्यांदा समोरून गेला.
ताकाला येऊन भांडं लपवायची रीत इथेही आहे:
आधी पाऊस, मग खुराकाचा भाव,
मग माझ्या आईचा गुडघा.
मग खुर्ची ओढून बसला.
"बाही वर करा."
कोट निघाला, स्वेटर निघाला, आतला दुसरा स्वेटर,
आणि खाली दंड, कधी ऊन न पाहिलेला, पांढराफटक,
त्याच्या टोकाला लाल, भेगाळलेला पंजा;
दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत असे.

"एकशे अठ्ठ्याऐंशी. खालचा एकशे सहा."
त्यानं सवयीनं मान वर केली,
फलकाकडे.

मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहू लागले.
याच आठवड्यात जा, म्हटलं.
"या आठवड्यात नाही. उद्या टाकी ढवळायची आहे."
गोठ्याखालची. अख्ख्या हिवाळ्याचं शेण.
"सोबत कोण?"
"पोरगा पर्थला आहे."
"मग?"
"वास आला की बाहेर येईन."

माझं पेन थांबलं.
आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, मॅलाकी.
मग येत नाही.
येत नाही म्हणजे वायू गेला असं नाही,
नाक गेलेलं असतं.
त्याच्यामागून माणूस,
आणि माणसाला ओढायला धावलेला दुसरा.

तो बराच वेळ बाही खाली करत बसला.
बाही केव्हाच खाली आली होती.
"ब्रिडी गेली तेव्हा घर खायला उठायचं," म्हणाला.
"आता काहीच वाटत नाही."
लिलाववाल्यानं कुणाची तरी कालवड विकली.

चिठ्ठीच्या पाठीवर मी लिहिलं:
वारा असेल तरच.
गुरं बाहेर. कुत्रासुद्धा.
दारं सताड उघडी.
यंत्र सुरू केलं की दूर जायचं, निदान अर्धा तास.
काही झालं तरी आत पाऊल नाही.
"अर्धा तास करू काय?"
"मला फोन करा."

बुधवारी वारा होता.
दोरीवरची माझी चादर शेजारच्या कुंपणात गेली.
साडेदहा वाजून गेले. अकरा.
ओतलेल्या चहावर साय धरली.
सव्वाअकराला फोन वाजला.

फाटकापाशी उभा असावा,
शब्द वाऱ्यात अर्धेच पोचत होते.
खुराकाचा भाव. आईचा गुडघा.
मग, मी न विचारताच,
ब्रिडी संत्र्याचा मुरंबा कसा करायची,
साली किती पातळ कापायची,
आणि एकदा पातेलं करपलं तेव्हा
तीन दिवस कशी बोलली नव्हती.
मध्येच थांबला. नाक ओढल्याचा आवाज.
वाऱ्यानं असेल.

"अर्धा तास झाला," मी म्हटलं.
"अजून वास येतोय थोडा."
"येऊ दे. बरं आहे.
मग अजून थांबा.
तिसऱ्या दिवशी काय बोलली?"